पहिले दोन आटे

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला आम्ही आलो २००३च्या जून महिन्यात, म्हणजे येऊ नये नेमक्या त्याच महिन्यात. गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसायचा. मी व्हिसावर नोकरीला आलो होतो. एका चिप कारखान्यातल्या नायट्रोजनच्या पाइपलाइनी आणि त्यांवरचे प्रेशर रेग्युलेटर सांभाळायचं काम होतं. बायको माझ्यामागून, डिपेंडंट व्हिसावर. त्या व्हिसावर तिला घरी बसायची पूर्ण मुभा होती, नोकरीची नव्हती.

गंमत अशी की रेग्युलेटर हा विषय तिचा, माझा नव्हे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं ती रेग्युलेटर उघडत होती, दुरुस्त करत होती, टेस्ट बेंचवर लावून पास-नापास ठरवत होती. मी ड्रॉइंगवाला, कागदावर हुशार. या नोकरीच्या इंटरव्ह्यूची तयारीसुद्धा तिनंच करून घेतली होती.

काम तसं सांगायला सोपं आहे. लाइनीतून गॅस येतो शंभराच्या प्रेशरनं, मशीनला हवा असतो तीसनं. रेग्युलेटर मध्ये बसून तो उतरवतो. मशीन बंद झालं की त्यानं आतलं तोंड घट्ट मिटून घ्यायचं. नाही मिटलं, तर पुढचं प्रेशर हळूहळू चढत जातं.

पहिल्याच हिवाळ्यात एका लाइनीवर तसं होऊ लागलं. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं की काटा तीसवरून सरकायचा आणि थोड्या वेळानं सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकन उडायचा. मी रेग्युलेटर बदलला. दोन दिवसांत नवाही तसाच. आणखी एक बदलला, तोही तसाच. काढलेले बेंचवर लावावेत तर साळसूद, काही दोष नाही. माझा सुपरवायझर साठीला आलेला, एरवी भारी थट्टेखोर. त्यानं माझी थट्टा करणं बंद केलं. नोकरी गेली की व्हिसा गेला.

संध्याकाळी घरी चिडचिड करत सगळं ओकलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"रेग्युलेटर बसवताना टेप कुठून गुंडाळतोस?" तिनं विचारलं.

"कुठून म्हणजे? आट्यांवर, सगळीकडे."

तिनं बागेच्या नळीचं पितळी टोक आणलं, माझ्या पिशवीतली टेफ्लॉन टेप घेतली आणि मला टेबलाशी बसवलं. "पहिले दोन आटे उघडे ठेव. टेप पाइपच्या टोकापर्यंत आली की आवळताना तिचा तुकडा कातरून आत जातो आणि रेग्युलेटरचं तोंड जिथे टेकून मिटतं त्या सीटवर बसतो. मग ते तोंड मिटणार कसं? तू काढून आपटतोस, तुकडा उडून जातो, बेंचवर सगळं ओके. आधी लाइन फुंकून घे. बसवल्यावर पुढचं बंद कर आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बस. तू पाचव्या मिनिटाला उठशील, मी ओळखते तुला."

दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर न आपटता, अलगद उघडला. सीटवर नखाएवढा पांढरा तुकडा होता.

तेव्हापासून रिवाजच पडला. मी रोज एक अडचण घरी आणायची, तिनं ती वहीत पेन्सिलीनं काढून सोडवायची. मी ते इंग्रजीत टाइप करून कारखान्याची कामाची पद्धत म्हणून द्यायचो, खाली नाव माझं. स्पेलिंग तीच तपासायची. त्या तासाभरात तिचा आवाज भोसरीतल्यासारखा चढा, मोकळा व्हायचा. बाकी दिवसभर ती काय करत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वसंतात सुपरवायझरनं सगळ्यांना घरी बार्बेक्यूला बोलावलं. ती कोथिंबीर वड्या घेऊन आली. जेवताना त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकून ती दोन आट्यांची गोष्ट सगळ्यांना ऐकवली आणि तिला विचारलं, "हा घरीही हेच बोलून पकवतो का तुला?"

सगळे हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं. 'हिनंच शिकवलं', एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "छे, घरी कामाबद्दल बोलायला मला बंदी आहे."

तीही हसली, सगळ्यांबरोबर.

गाडीत बसताच मीच सफाई देऊ लागलो. "अगं, तुला काम करायची परमिशन नाही. उगाच कुणी काही धरून बसलं असतं तर?"

"मी काम केलं असं कुठे सांगायचं होतं?" ती म्हणाली. "मला येतं, एवढंच सांगायचं होतं."

त्यानंतर मी अडचण आणली की ती म्हणायची, "तुला येतं की." ऑगस्टमध्ये दोन महिन्यांसाठी म्हणून ती पुण्याला गेली. जुन्या वर्कशॉपनं तिला लगेच घेतलं. फोनवर मागे मशीनचा आवाज असायचा आणि ती घाईत असायची. २००६ साली घटस्फोटाचे कागद आले. सही करताना मी रडलो. चूक कोणाची, यावर भांडायलाही काही शिल्लक नव्हतं.

सुपरवायझर २००८ मध्ये निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणात मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ते दोन आटे माझे नव्हते, माझ्या बायकोचे होते. चार वर्षं उशिरा. सगळ्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

सुपरवायझर नंतर माझ्याजवळ आला. "हिरव्या वड्या आणल्या होत्या तीच ना? त्या दिवशी निघायच्या आधी माझी गॅसची शेगडी धड पेटेना. तुम्ही सगळे पुढे गाड्यांपाशी होता. तिनं सगळं बंद केलं, सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला, थोडं थांबून परत लावला आणि कॉक अगदी सावकाश उघडला. मस्त पेटली. मी विचारलं, हे कुठे शिकलीस?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, नवऱ्यानं शिकवलं."

मी प्लेट खाली ठेवली. त्याच्या त्या शेगडीला काय झालं होतं, हे मला अजूनही कळलेलं नाही.