उम्म अल कुवैनचा शिंपला आणि माझी मिश्रीची डबी

जायचं निमित्त झालं ते दातांचं. माझी नात गार्गी लवकरच लग्नाला उभी राहणार, आणि तिला समोरच्या दातांमधली फट बुजवून हवी. त्यासाठी चांगले दात घासून बारीक करतात म्हणे. ती फट तिला माझ्याकडूनच मिळालेली, त्यामुळे मला झोंबलं. मी तोंड फुगवून बसले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, चल, जरा फिरून येऊ."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं करामातल्या मुलाच्या घरून गाडीने उम्म अल कुवैनला निघालो. तुम्हीही लवकर निघा, नाहीतर शारजाच्या गर्दीतच दुपार होते. वाटेत करक चहा, म्हणजे इथला कडक, दुधाळ चहा प्यायलो. दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये! मग मी कप तळापर्यंत निपटला.

उम्म अल कुवैनचा समुद्र इतका शांत, की रत्नागिरीच्या माणसाला तो आजारी वाटावा. तिथल्या जुन्या किल्ल्यात संग्रहालय आहे. काचेमागे एक शिंपला, आत हिरवट डाग. खालची पाटी मला कुठली वाचता येतेय! गार्गीनेच सांगितलं, पूर्वीच्या बायका यात डोळ्यांना लावायचा रंग ठेवायच्या. मग ती मोबाइलमध्ये शिरली.

"आजी, लिसन! रोमन लोक लघवीने दात स्वच्छ करायचे. सो ग्रॉस! आणि इजिप्तमध्ये बैलाच्या खुरांची राख!" तोंडावर हात धरून ती हसली. हल्ली तशीच हसते.

"माझी आजेसासू दातवण लावून दात काळेकुट्ट करायची," मी म्हटलं. "लग्न झालेल्या बाईचे दात पांढरे दिसले की लोक नावं ठेवायचे. तिला काळे हवे होते, तुला बिनफटीचे. रोमनांचं औषध निदान फुकट तरी होतं."

मुलगा खो खो हसला. गार्गी नाही.

"आणि तू? डॉक्टर ओरडले तरी रोज जाळलेला तंबाखू दातांवर घासतेस. तू मिश्री सोड, मी अपॉइंटमेंट कॅन्सल करते. डील?"

पोरीने बरोबर पेचात धरलं. कमरेची डबी चाचपत मी सगळा किल्ला पाहिला. काय पाहिलं ते विचारू नका. बाहेर आल्यावर डबी तिच्या हातात ठेवली. "खलास," म्हटलं.

दुपारी तळलेली मासळी खाल्ली. ताजी होती, पण येताना मिश्रीवाचून माझं डोकं असं ठणकलं की मुलाने गाडीतली गाणी बंद केली.

आता करामात बसून मी सांगतेय आणि गार्गी टाइप करतेय. फट जागच्या जागी आहे. सकाळी माझा हात अजून कमरेशी डबी शोधतो. मग मी तिला हाक मारते, "हस बघू." ती हसते, तोंडावर हात न धरता. माझाही हात मग गप्प बसतो.