डेव्हिएशनवर पास

"ड्रॉइंग काय म्हणतंय?"

कुठलीही वस्तू समोर आली की काकांचा पहिला प्रश्न हा असायचा. ती चिमटीत धरायची, खिडकीच्या उजेडात न्यायची, एक डोळा मिटायचा आणि आणणाऱ्याला हे विचारायचं. वस्तू म्हणजे नळाचा वायसर, शाळकरी पोराचा कंपास किंवा कुणाच्या बारशाचा पेढासुद्धा. चाकणच्या एका कारखान्यात काका एकतीस वर्षं बाहेरून आलेला माल तपासायला होते. कागदावरचं ड्रॉइंग आणि हातातला पार्ट जुळला नाही की लाल टॅग. निवृत्त झाल्यावर टॅग कारखान्यात राहिले, सवय मात्र घरी आली. थेरगावातल्या आमच्या बिल्डिंगने ती फुकटात सोसली.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कुणीतरी असणारच. पण तुमच्याकडचे काका शर्टाच्या खिशात व्हर्नियर घेऊन फिरत नसतील. व्हर्नियर म्हणजे वस्तूची जाडी मोजायची ती जबडेवाली पट्टी. भाजीच्या गाडीवर त्यांनी ती काकडीला लावलेली मी स्वतः पाहिली आहे. मुलासाठी आलेली चार स्थळं त्यांनी परत पाठवली. शेवटी मुलाने बंगळुरात स्वतःच लग्न उरकलं आणि फोटो धाडला. फोटो बघून काका एवढंच म्हणाले, "इन्स्पेक्शनला आलंच न्हाई. डायरेक्ट लायनीवर गेलं."

कारखान्यात डेव्हिएशन नावाचा एक प्रकार असतो. पार्टमध्ये बारीक दोष आहे, पण तो घेतला नाही तर काम अडेल, अशा वेळी फॉर्म भरून, मुदत घालून तो सवलतीवर पास करायचा; मुदत संपली की पुन्हा सही करून फॉर्म बंद करायचा. काकांची सगळ्यात मोठी फुशारकी अशी, की एकतीस वर्षांत त्यांनी त्या फॉर्मवर एकदाही सही केली नाही. "साहेब लोक करायचे. आपल्या हातानं न्हाई," असं म्हणून ते आपला उजवा हात आम्हाला दाखवत. आम्ही तो बघत असू.

मी ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एक कंपनी दुसऱ्या वर्षापासूनच पोरं घ्यायची, शिकता शिकता दरमहा पैसेही द्यायची. त्यासाठीची परीक्षा येत्या रविवारी घरबसल्या द्यायची होती. कॅमेरा चालू हवा आणि मोबाइल चालणार नाही. मैत्रिणींचे लॅपटॉप मागावेत तर त्याही त्याच वेळी परीक्षेला बसणार. पप्पांचं कंत्राटी काम सुटलं होतं. ही संधी हुकली तर कॉलेज सोडून मी चाकणला पॅकिंगच्या कामाला जायचं, असं आमच्याकडे आवाज न चढवता ठरलं होतं. लॅपटॉपसाठी पप्पांनी अठरा हजार बाजूला काढले होते.

"काकांना घेऊन जा," पप्पा म्हणाले. "त्यांना फसवणारा अजून जन्माला यायचाय."

खरं होतं. त्यांना काही विकू शकेल असा माणूसही अजून जन्माला यायचा होता, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी आम्ही वाकडच्या मॉलमध्ये गेलो. एक छोटा, स्वस्त लॅपटॉप मला पाहताक्षणी आवडला. काकांनी माहितीचा कागद मागवला, व्हर्नियर काढलं आणि जाडी मोजली. कागदावरच्या आकड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त भरली.

"रिजेक्ट."

"सर, खाली रबराचे पाय आहेत ना, त्याने जास्त दिसतं," विक्रेता म्हणाला.

"ड्रॉइंगमधी रबराचा उल्लेख हाय का?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मंगळवारी चिंचवडच्या दुकानात काकांनी पाच खोकी फोडायला सांगितली. दुकानदार हरखला. "पाच घेताय का काका?"

"एकच घ्यायचाय. पण एक पीस बघून कुनी लॉट पास करतं व्हय?"

त्या दुकानातून आम्हाला वॉचमनने अदबीने बाहेर आणून सोडलं. बुधवारी काकांनी पिशवीतून काकूंचा स्वयंपाकाचा वजनकाटा काढला. लॅपटॉप चाळीस ग्रॅम जड निघाला आणि काट्यावरची कणीक दुकानाच्या काचेवर सांडली. गुरुवारी त्यांना बॉक्सवरचं स्टिकर तिरपं दिसलं. त्या संध्याकाळी जिन्यात माझा तोल गेला.

"काका, तुम्हाला लॅपटॉप घ्यायचाय की नुसता रिजेक्ट करायचाय? रविवारी परीक्षा आहे माझी!"

काका म्हणाले, "पास करनं सोपं असतं, बाळा." आणि वर निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला होता की रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

शुक्रवार मी रडण्यात घालवला. शनिवारी कुणाला न सांगता दापोडीला निघाले, तर बसथांब्यावर काका उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशात व्हर्नियर. आम्ही एकमेकांशी बोललो नाही, पण मी कंडक्टरला दापोडी म्हणताच तिकिटं त्यांनी दोन काढली.

दापोडीला रेल्वेलाइनजवळच्या गल्लीत एका चाचांचं दुकान होतं. मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून ते विकत. त्यांनी अकरा इंची एक बारकं मशीन पुढे ठेवलं. बॅटरी नवी, कॅमेरा स्वच्छ, किंमत माझ्या आवाक्यातली. काकांनी झाकण उघडलं आणि स्क्रीन आपोआप मागे कलंडली. बिजागरी सैल होती. आठवडाभर खोटे दोष काढणाऱ्या माणसाला अखेर एक खरा दोष सापडला होता. त्यांचा चेहरा उजळला आणि खिशातून व्हर्नियर निघालं.

चाचा शांतपणे म्हणाले, "काका, सात-आठ वर्षं उघडझाक झालीये त्याची. बिजागरी सैल होणारच. बाकी मशीन एकदम सच्ची आहे." मग माझ्याकडे वळले. "बेटा, काम काय आहे तुझं?"

"उद्या सकाळी दहाला परीक्षा आहे."

"कल इम्तिहान, और आप आज पट्टी लगा रहे?" चाचा काकांना म्हणाले.

काका स्क्रीन पुढे घेत, सोडत, पुन्हा पुढे घेत राहिले. व्हर्नियरने कडा मोजल्या, तळहातावर आकडे लिहिले. मग चाचांकडून कोरा कागद मागून घेतला आणि व्हर्नियरची कड धरून त्यावर रकाने आखले. दोष: बिजागरी सैल. कारण: पोरीची परीक्षा. मुदत: नोकरी लागेपर्यंत. त्याखाली त्यांनी पूर्ण नावाची सही केली. चाचांना आणि मला हसू आवरेना.

शेवटचा रकाना कोरा होता. 'बंद करणाराची सही.'

"नोकरी लागली की ह्यो कागद घिऊन यायचं. मी बंद करीन," काका म्हणाले. "डेव्हिएशन तू मागितलंस, म्हंजी तुला बंद करता येनार न्हाई. उघडं ठिवायचं न्हाई, सांगून ठिवतो."

मी मान हलवली. त्या घडीला मी कशालाही मान हलवली असती.

रविवारी नऊला मी लॅपटॉप सुरू केला. स्क्रीन कलंडली आणि कॅमेऱ्यात छताचा पंखा दिसू लागला. मागे पुस्तकं लावली, ती सरकली. उशी लावली, ती दबली. तेवढ्यात दार वाजलं. काकांच्या हातात लोखंडी पट्टी वाकवून केलेला एक टेकू होता. जुन्या कपाटाची पट्टी कापून, रात्री बसून कडा घासल्या होत्या. टेकू स्क्रीनमागे नेमका बसला. केसभरही फट नव्हती. आठवडाभर मी ज्या व्हर्नियरला शिव्या घातल्या होत्या, त्याची ही करामत. काकांनी कडेवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं, मला कापू नये म्हणून. "आता तुझं तोंड मधोमध दिसंल," म्हणाले आणि बाहेर गेले.

परीक्षा संपेपर्यंत ते जिन्यात बसून होते. खेळणारी पोरं त्यांनी गच्चीवर पिटाळली आणि शेजारच्या वहिनींना कुकरही लावू दिला नाही.

मी निवडले गेले. दोन वर्षांनी तिथेच कायमची नोकरी लागली. कंपनीने नवाकोरा पातळ लॅपटॉप दिला. आम्ही वाकडला राहायला गेलो. तिथून थेरगाव रिक्षाने फार तर पंधरा मिनिटं, आणि तो कागद रोज माझ्या पर्समध्ये. या रविवारी, पुढच्या रविवारी, असं मी आठ महिने केलं. काकांच्या विक्षिप्तपणाचे किस्से ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगायला मात्र मला वेळ असायचा. काकडीचा किस्सा फार चालायचा. पप्पांचा फोन आला तेव्हा मी ट्रेनिंगला हैदराबादला होते. काका गेले होते.

परत आल्यावर काकूंना भेटायला गेले. काकू म्हणाल्या, "इचारायचे सारखे, पोरीला लागली का नोकरी म्हून. मी म्हनायची, लागली आसंल, फोन करा की. तर म्हनायचे, न्हाई, कागद घिऊन तीच येनार." पर्समधला कागद मी बाहेर काढू शकले नाही. मला माझीच लाज वाटली.

अकरा इंची मशीन अजून चालतं. टेकू काढला की स्क्रीन अजूनही कलंडते. परवा तो कागद समोर ठेवून मी पेन उघडलं. नोकरी लागली आहे, मुदत कधीच संपली आहे, नुसती एक सही करायची होती. पण डेव्हिएशन मी मागितलं होतं. माझी सही काकांनी उजेडात धरून, एक डोळा मिटून रिजेक्ट केली असती. मी पेनला टोपण लावलं.