करमत न्हाई
स्टाफरूममध्ये चहा उतू गेला की त्या करपट वासानं मला भोकरदनच्या कॉलेजातली एक वही आठवते. मी तिथं बारावीला मानसशास्त्र शिकवायचे आणि पहिल्याच तासाला सांगायचे, व्याख्या घोकू नका, प्रत्येक संज्ञेला आपल्या घरातलं एक माणूस जोडा, मग परीक्षेत विसरणार नाही. खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं ते मनावर घेतलं. नैराश्याच्या प्रश्नाखाली तिनं लिहिलं होतं, 'माझ्या आईला करमत न्हाई. चहा उतू जातो, चूल विझते, तरी ती समोर बसून बघत राह्यते.' मी 'करमत न्हाई' लाल पेनानं खोडलं, वर 'नैराश्य' लिहिलं, समासात 'उदाहरण उत्तम' असा शेरा दिला आणि पैकीच्या पैकी गुण टाकले. तास सुटल्यावर ती वही घेऊन टेबलापाशी आली. बाहेर पत्रे उन्हानं तापले होते, पोरी बस गाठायला पळत होत्या. ती म्हणाली, "मॅडम, शब्द तर बराबर कळला. मंग आता आईचं काय करू?" मलाही जालन्याची बस गाठायची होती. "आधी परीक्षा होऊ दे, मग बोलू," मी म्हणाले. "हां मॅडम," म्हणून ती गेली. परीक्षेआधीच तिनं कॉलेज सोडलं. आईपाशी घरी कोणीतरी पाहिजे, एवढंच तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. संज्ञेला घरातलं माणूस जोडायचा तो सल्ला मी आजही देते. पण कोणी वहीत घरचं माणूस लिहिलं की पेन खाली ठेवते, त्या पोरीला जवळ बोलावते आणि विचारते, घरी आता चहा कोण करतं?