अठरा टाके, दुहेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, मिलमध्ये वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यालाही नाही. एका माणसाला मात्र ते ठाऊक आहे. मी न सांगताच ठाऊक आहे. आज सांगतोय ते मन हलकं करायला नाही. मला राग आलाय म्हणून सांगतोय.

गेल्या रविवारी सुरतेच्या नवागाममध्ये आमच्या समाजमंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि माइकवरून एक वाक्य — "तात्या म्हणजे मोजपट्टी! तात्या बोलले म्हणजे मोजून बोलले!" टाळ्या झाल्या. मी नारळ धरून उभा होतो आणि अंगाची आग होत होती. सात वर्षं झाली. या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानं तरी त्या बॅगेत हात घालून बघायला नको होतं का?

बॅग — हो, सगळं एका बॅगेचं आहे. खांद्याला लावायची, कॅमेऱ्याची बॅग. हसू येईल तुम्हाला. पण क्रमानं सांगतो, मला क्रमानंच सांगता येतं.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. आमचं मंडळ म्हणजे खानदेशातून इथे लूमवर, कापडाच्या मागांवर, कामाला आलेल्या घरांचं. दरवर्षी सामूहिक लग्नं लावायचं. फोटोवाले बाहेरून यायचे, घाईघाईनं काढायचे, निम्म्या नवऱ्यामुलींचे डोळे मिटलेले. म्हणून मंडळानं घराघरातून वर्गणी काढून स्वतःचा कॅमेरा घेतला. सोबत दोन लेन्स. एक नेहमीची, एक लांबचं जवळ आणणारी, झूम. आणि फ्लॅश. मला फोटोचा नाद होता आणि माझी ख्याती काटेकोर म्हणून होती, तेव्हा सगळं माझ्या ताब्यात दिलं. राहिली बॅग.

मी स्टेशनसमोरची चार दुकानं पालथी घातली. पहिली बॅग इतकी खोल, की लेन्स एकमेकांवर आपटतील. दुसरीचे कप्पे छान, पण पट्टा बोटभर रुंदीचा — तासाभरात खांद्यात रुतणार. तिसरीवर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत. म्हणजे चोराला लांबूनच वाचता यावं! चौथी बरी होती, पण तिच्यात झूम आडवी ठेवावी लागत होती. दुकानदार म्हणाला, "चाले भाई, बधू चाले." मला या 'चाले'चा फार संताप. काय चालतं? लेन्स उभी राहायला हवी, तोंड खाली, सभोवार फोम, वर हात घातला की नेमकी हातात यावी — यात काय चालतं आणि काय नाही?

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी अर्धा तास बोललो. कागदावर आकृती काढून नेली होती. लांबी तेरा इंच, उंची नऊ, रुंदी सहा. सगळं सामान घरच्या तराजूत तोललेलं — अडीच किलोला थोडं कमी. कुणीतरी मागून म्हणालं, "तात्या, बॅग शिवताय का नवरीचा ब्लाउज?" सगळे हसले. मीही हसलो, पण बॅग शिवून घ्यायचं कबूल करून घेतलंच.

शिवणार कोण? भिकनभाऊ. नवागाममध्येच एका खोलीत त्याचं मशीन होतं. डब्याच्या पिशव्या, दप्तरं, बाजाराच्या थैल्या शिवायचा. बोलणं घरचं, अहिराणी. सुरतेत इतकी वर्षं काढूनही त्यानं ते सोडलं नव्हतं. त्याच महिन्यात मंडळ समाजातल्या मुलांना वाटायला दप्तरं करून घेणार होतं आणि ते काम भिकनभाऊलाच द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. कापड त्यानं आणूनही ठेवलं होतं. हे लक्षात ठेवा.

त्यानं माझी आकृती उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "तात्या, पट्टा खालतून फिरू द्या ना. पूर्ण बॅगना खालतून. वजन शिलाईवर कशाले?"

मी नाही म्हणालो. पट्टा खालून गेला की बॅग जमिनीवर सपाट बसत नाही, आणि माझ्या नऊ इंचांचे सव्वानऊ होतात. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, वर चेन लावतो. मी तेही नाही म्हणालो — चेन लेन्सला घासते, उघडायला वेळ लागतो. वरून झाकण आणि दोन बक्कल, बस.

बॅग आली. खाकी जाड कॅनव्हास. आत रिक्षाच्या सीटचा फोम, त्यावर मऊ अस्तर. तळाला फोमचा एकच सलग तुकडा. कोपऱ्यांना दुहेरी शिलाई — मी सांगितली नव्हती, त्यानं आपणहून घातली होती. मी टेप लावला. तेरा, नऊ, सहा. केसाचाही फरक नाही. देताना तो हसून म्हणाला, "बक्कल लावत जा हां तात्या, नहीतर मना नाव नका सांगू कोणाले."

दोन्ही बक्कल लावायला सहा-सात सेकंद लागायचे. मी मोजले होते. लग्नात सहा सेकंदांत हार पडून जातो, नवरी मान खाली घालते, क्षण जातो. म्हणून मी बक्कल लावत नसे. कधीच नाही. झाकण नुसतं वर टाकायचं.

आता येतंच आहे ते.

त्या वर्षी एकवीस जोडपी होती. सगळ्यांचे अंतरपाट एका रांगेत. एकवीसही एका फोटोत यावेत म्हणून मी मैदानाच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर चढलो. शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. कॅमेरा डोळ्याला, बॅग खांद्याला. रांगेचं टोक पकडायला मी डावीकडे वाकलो, आणि झाकण उलटलं. झूम बाहेर आली. मला ती पडताना दिसली. आवाज ऐकू आला नाही, त्याच क्षणी बँड सुरू झाला होता. अक्षता उडत होत्या, हजारभर माणसं, आणि प्रत्येकाचं तोंड नवरा-नवरीकडे. एकानंही पाहिलं नाही.

मी खाली उतरलो. काच मधोमध तडकलेली. कडं वाकलेलं. मी ती रुमालात गुंडाळली, बॅगेत ठेवली, आणि दोन्ही बक्कल लावले. पहिल्यांदाच.

घरी आलो तेव्हा दुपारचे साडेतीन. बायको लग्नाच्या पंगतीतच होती. मी बॅग पलंगावर ठेवली. मग काय केलं? कपाटातून छोटी कातर काढली — मिलमध्ये कापडावरचे लोंबते धागे कापायला देतात ती. बॅग उलटी केली. आणि — मोजलं. हो, मोजलं! लेन्सचा व्यास अडीच इंच. म्हणजे भोक तीन इंचांचं हवं. भिकनभाऊची शिलाई इंचाला सहा टाके. तीन सख अठरा. दुहेरी, म्हणून छत्तीस. मी छत्तीस टाके कापले, एकेक करून. हात थरथरला असता तर मी आज स्वतःबद्दल थोडं बरं बोललो असतो. नाही थरथरला.

संध्याकाळी मंडळाच्या माणसांसमोर बॅग ठेवली. फुटलेली झूम आणि तळाचा उसवलेला कोपरा दाखवला. म्हणालो, "शिलाई गेली." दोनच शब्द. पुढचं सगळं तेच बोलले. "बघा, इतकं सांगून!" "दप्तरं पण अशीच शिवेल मग." "पोरांची पुस्तकं रस्त्यात सांडतील." अध्यक्ष म्हणाले, तात्या स्वतः सांगतात म्हणजे आता विचारायचं काय?

विचारायचं काय! त्या खोलीत जमलेला जवळजवळ प्रत्येक माणूस कापडावर जगत होता. लूम चालवणारे, कापडाचे ताके वाहणारे, बीमवर सूत भरणारे. तुटलेल्या धाग्याचं टोक पिसासारखं विस्कटतं आणि कापलेल्याचं सरळ राहतं, हे यांना कुणी शिकवायला हवं? माझी तर नोकरीच ती. दिवसाचे आठ तास मी ताक्यातला दोष बोटाखाली पकडतो आणि कारागिरांवर ओरडतो — "हा तुटला नाही, कापलाय! मला फसवतोस?" त्या दिवशी छत्तीस टाक्यांची सरळ टोकं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कुणी वाकून पाहिलं नाही. तात्या मोजून बोलतो ना!

मग भिकनभाऊला बोलावलं. तो आला, हात धोतराला पुसून त्यानं बॅग उचलली. उसवलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. नंतर दुसरा हात झाकणाखालून आत घातला, थेट तळापर्यंत.

आणि त्याच क्षणी मला कळलं मी काय विसरलो होतो. अस्तर. फोम. बाहेरची शिलाई मी कापली होती, पण आतलं अस्तर शाबूत, फोमचा सलग तुकडा शाबूत. त्या भोकातून लेन्स काय, सुपारीसुद्धा बाहेर आली नसती. सगळी मोजमापं केली आणि बॅगेला आतही एक बाजू असते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याचा हात आत थांबला. किती वेळ? मला सांगता येत नाही — हे एकच मी मोजलेलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुणीतरी म्हणालं, "बोल ना भिकन!" तो म्हणाला, "तात्यानी पाह्यं ना? मंग तसंच व्हई."

तो का बोलला नाही? कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की मला लाज वाटेल म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारायला आधी कबूल करावं लागतं.

दप्तरांचं काम बाजारातल्या एका व्यापाऱ्याला गेलं. त्याची दप्तरं दिवाळीपर्यंतही टिकली नाहीत. त्याबद्दल मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो — दर्जा, माप, शिलाई! भिकनभाऊकडे आणलेलं कापड तसंच पडून राहिलं. पिशव्यांची गिऱ्हाइकंही हळूहळू कमी झाली, बातमी गल्लीत पसरली होती. वर्षभरात त्यानं मशीन विकलं आणि भेस्तानला एका कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनवर बसू लागला.

त्याआधी बॅग त्यानं दुरुस्त करून दिली होती. मी सांगितलं नव्हतं, त्यानंच नेली. परत आली तेव्हा पट्टा खालून फिरवलेला होता, पूर्ण बॅगेच्या खालून, त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसा. कोपरा नव्यानं शिवलेला. मी टाके मोजले. अठरा, दुहेरी. मशीननं नाही, हातानं घातलेले, आणि जुन्याच भोकांतून. टाका तुटला की भोक फाटतं, लांबतं. माझी भोकं गोल, जशीच्या तशी होती. प्रत्येकातून त्याची सुई गेली होती. छत्तीस वेळा त्यानं ते पाहिलं.

बॅग अजून माझ्याकडे आहे. चांगली आहे. उंची सव्वानऊ इंच भरते आणि त्यानं काहीही अडत नाही. मला आजपर्यंत मिळालेली कॅमेऱ्याची सगळ्यात योग्य बॅग तीच.

गेल्या रविवारी सत्काराला भिकनभाऊ आला होता. तिसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर. 'मोजपट्टी' म्हटल्यावर टाळ्या झाल्या तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाजवत होता. मग माझ्या हातात माइक दिला. सगळे ऐकत होते, तोही.

मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.