कानशीची खूण

माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी याडीने, म्हणजे माझ्या आईने, आपली घुगरी विकली. घुगरी हा चांदीचा दागिना. आमच्या तांड्यातल्या लग्न झालेल्या बाया तो कानाजवळच्या केसांत बांधतात. पुढे कोणत्याही लग्नात बाया तिला विचारायच्या, "काय वो, नवरा जिता असून कान मोकळे काहून?" ती हसायची. मी मान खाली घालायचो.

नोकरी लागल्यावर लिलावाच्या एका ॲपवर तशीच घुगरी दिसली. 'जुनी, शुद्ध चांदी.' तीन दिवस बोली लावत राहिलो आणि जिंकलो. आमच्या गावी, मुकुटबनला पार्सल आलं, तेव्हा बोर्डात आल्यासारखं वाटलं. एक घुंगरू वाकडं होतं. याडी म्हणाली, जुनी हाय म्हणून.

आमच्याकडे कानस लावून पाहिल्याशिवाय चांदी केसांत बांधत नाहीत. म्हणून याडीसोबत घुगरी घेऊन यवतमाळला गेलो. तिथे चांदीला पॉलिश करणारे एक चाचा आहेत, सगळ्या तांड्याच्या ओळखीचे. त्यांनी आतून कानस मारली. मुलाम्याखाली पिवळट धातू निघाला.

"जर्मन सिल्व्हर हाय बेटा, चांदी नाही. इतका शिकला, अन् फोटो पाहून चांदी घेऊन राह्यला?"

"शिकला म्हणूनच," याडी म्हणाली. "नाहीतर आधी तुमच्याकडं आला असता."

त्याच दिवशी मी खुणेचा फोटो जोडून ॲपवर पैसे परत मागितले. उत्तर आलं: ग्राहकाने वस्तू खराब केली आहे, परतावा मिळणार नाही. जो पुरावा, तोच आमचा गुन्हा. फोनवरची बाई 'सर, सर' करत तेच वाक्य वाचत राहिली. त्या गोड आवाजाची मला आजही चीड येते.

चाचांनी ही चांदी नाही असं पावतीवर लिहून शिक्का मारून दिला. तो जोडून ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार केली. दीड महिन्याने परतावा मंजूर झाला, घुगरी परत पाठवायच्या अटीवर.

"पाठवू नको," याडी म्हणाली. "दुसरीच्या केसात बांधतील."

मी पाठवली. त्याच पैशांतून चाचांच्या ओळखीच्या कारागिराकडून तिच्यासाठी खरी घुगरी घडवली. बायांची तोंडं बंद झाली.

गेल्या महिन्यात ॲपवर तेच वाकडं घुंगरू दिसलं. 'जुनी, शुद्ध चांदी.' फोटो फक्त समोरून. मी कळवलं, तर 'अभिप्रायाबद्दल आभार' आले. याडीला दाखवलं.

"सांगतलं होतं तुले."

मग तिने मला त्या फोटोखाली लिहायला लावलं: आतल्या बाजूचा फोटो टाका, तिथे कानशीची खूण आहे. संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याने ते पुसलं. तिने मोबाइल पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

आता रोज चहाआधी ती विचारते, "पुसलं का रे त्यानं?"

पुसलेलं असतं. मी पुन्हा लिहितो.