डांबर सोडू नका

रिफेत, गाढवा, तुझ्या घरी समाचाराला आलेला जो तो मला विचारत होता, "बाई, तुम्हीच ना त्याला शिकवलंत?"

हो, मीच. शाळेत इंग्रजी शिकवलं, ते तू विसरलास. पुढे लाकडाच्या ट्रकवरची नोकरी सुटली आणि शहरातल्या सहलींच्या कंपनीत अमेरिकन पाहुण्यांची व्हॅन हातात आली, तेव्हा टोपी चुरगाळत माझ्या स्वयंपाकघरात हजर झालास. "बाई, चार वाक्यं द्या. बाकीचं हातवाऱ्यांनी भागवतो."

मी दिली. घरात शिरताना बूट दारातच काढा. कॉफी नको म्हणू नका, आणि औषधासारखी एका घोटात संपवू नका. पैसे कुणी द्यायचे यावर यजमान भांडेल. भांडू द्या, आणि हरा. युद्ध कुणी सुरू केलं हे जेवताना विचारू नका. आणि शेवटचं, जे मी तुझ्याकडून घोकून घेतलं: डांबर सोडू नका. सोडलंत तर मराल.

"बाई, फार कडक होतंय. 'कृपया' तरी घाला."

"सुरुंग कृपया म्हणतो का रे?"

युद्धानंतर जन्मलेली पोरं लग्नाची झाली, पण आपल्या बोस्नियाच्या डोंगरात तेव्हा पेरलेले सुरुंग अजून गवताखाली आहेत. तुला ते वेगळं सांगायला नको होतं. तुझा थोरला भाऊ हरवलेली गाय शोधायला गेला, त्याला घोंगडीत बांधून परत आणला.

पाहुण्यांना तू आवडायचास. चढ लागण्यापूर्वी पेट्रोल पंपावर सगळ्यांना, पांढऱ्या केसांच्यांनासुद्धा, पोरासोरांसारखं संडासाकडे पिटाळायचास. "आत्ताच जाऊन या. वर झाडं पुष्कळ आहेत, पण ती नुसती बघायची."

आणि आपलं गाव! सुरुंगाच्या जागेभोवती लावलेली पिवळी फीत लोकांनी काढून आणली आणि रास्पबेरीची झाडं बांधली. तूही. एका पाहुणीनं तुझ्या अंगणात ती फीत पाहिली आणि एक पाय वर धरूनच उभी राहिली. "पाय ठेवा हो, इथे फक्त मुंग्या आहेत," म्हणालास. मला हे सांगताना पोट धरून हसत होतास. मला हसू आलं नाही.

मग रस्त्यावरचं ते वळण. जळक्या घरामागचं आलुबुखारचं झाड दरवर्षी फळांनी वाकतं, कारण तोडायला कुणी जात नाही. एक पाहुणा, स्वभावानं चांगला, बायकोसाठी चार फळं आणायला डांबरावरून उतरला. तू ते वाक्य म्हणालास. त्यानं हसून हात हलवला आणि पुढचं पाऊल उचललं. तू त्याला कॉलर धरून असं खेचलंस की तो रस्त्यावर आपटला. कोपर फुटलं, चष्म्याचा चुरा झाला, बायको किंचाळली.

तक्रार तुझ्याआधी शहरात पोहोचली. कंपनीचा मालक दामिर, तुझ्या निम्म्या वयाचा.

"लोक डोंगर बघायला येतात रिफेत, मरण बघायला नाही. ते वाक्य गाळ. आणि पाहुण्याला हात लावायचा नाही."

"वाक्य गाळलं तर हात लावावा लागेल साहेब. दोन्हींतलं एक ठेवा."

त्यानं एकही ठेवलं नाही. व्हॅनची किल्ली काढून घेतली.

त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणालास, "बाई, ते वाक्य जरा गोड केलं असतंत तर?"

"तर तो गोड फळं खायला जाऊन मेला असता."

आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

पानं गळायला लागली. बर्फाआधी घराघराच्या भिंतीला लाकडं रचली गेली. तुझी भिंत उघडी. येणाराजाणारा ती बघून जायचा, आणि आत शेफिका खोकत असायची. सगळं गाव तुझ्या बायकोचा खोकला ऐकायचं. लाकडं मात्र आपापलीच मोजायचं. मी माझ्यातली देऊ केली, तर तू रागावलास.

मग एका सकाळी खांद्यावर करवत घेऊन माझ्या फाटकाशी थांबलास.

"वरच्या रानात मोठं झाड पडलंय बाई. रस्त्यापासून हाकेवर."

"तिथे सुरुंगाची पाटी होती."

"होती. आता कुणाच्या तरी खुराड्यावर आहे. माझ्याआधी तिघं जाऊन आले, वाट पडलीय."

"अमेरिकनांना काय सांगायचास रे तू?"

"ते पाहुणे, बाई. पाहुण्याला धड परत पाठवायचं असतं. मला चूल पेटवायचीय."

दुपारी आवाज झाला. तसा आवाज आला की आपल्या गावात 'काय झालं' विचारत नाहीत, 'कोण' विचारतात.

सुरुंग काढणारे येईपर्यंत तुझ्यापर्यंत कुणी गेलं नाही. तू झाडांत पडला होतास, तुझा एक बूट रस्त्यावरून दिसत होता. सगळं गाव रांगेनं डांबरावर उभं होतं. शेफिकाला दोघींनी धरून ठेवलं होतं, त्यातली एक मी. तुझं ते वाक्य इतकं काटेकोर एकाही अमेरिकनानं पाळलं नसेल.

आता ती तांब्याची जेझ्वा. माझ्या आईचं कॉफी उकळायचं भांडं. आतली कल्हई उडाली होती, कॉफीला तांब्याची चव यायची. त्या सकाळी मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्यासमोर धरली होती. "शुक्रवारी उरलेलं लाकूड विकायला शहरात जातोय, कल्हईवाल्याकडे देतो," म्हणालास. मग करवतीकडे बोट दाखवलंस. "आत्ता कुठे अडकवू? परत येताना नेतो."

परवा शेफिका म्हणाली, "द्या बाई, मी नेते." मी म्हटलं, राहू दे. कॉफी मी हल्ली पत्र्याच्या भांड्यात करते, वाईट होते. जेझ्वा फाटकाजवळच्या खिडकीत आहे, तशीच गुंडाळलेली. तू परत येताना नेणार होतास.