किंचित तडा

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात पूल-बांधकामाच्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी तिथले अभियंते हत्तुरेसाहेब यांनी माझे एक पत्र चार वेळा परत केले. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी त्यांचे गुण लिहायला बसले, तरी आधी मला तेव्हा आलेला रागच आठवतो.

सीना नदीवरच्या पुलाच्या पायासाठी तेव्हा प्रीस्ट्रेस्ड पाइल ठोकत होते. आतल्या पोलादी तारा आधी ताणून भोवती काँक्रीट ओतलेले हे लांब खांब. ते उचलताना रंगवलेल्या दोन लाल पट्ट्यांपाशीच धरायचे, नाहीतर तडा जातो, हे साहेबांकडून ऐकून आमचे कान किटले होते. तरी साहेब बैठकीला गेले असताना एक पाइल मधोमध धरून उचलला गेलाच.

परतल्यावर साहेबांनी त्यावर पाणी ओतले आणि भर उन्हात उभे राहिले. वही घेऊन मीही उभी.

“कुटं हाय तडा, सायेब? मला तर न्हाय दिसत,” मुकादम सिद्रामअण्णा म्हणाले.

“ताणलेल्या तारांनी मिटवलाय तो, अण्णा. पाणी सुकू दे की.”

पाणी सुकले. केसाएवढी एक ओली रेघ तेवढी उरली.

नवा पाइल ओतून पक्का होईपर्यंत पावसाळा लागणार होता. काम रखडले तर बदली, असे वरिष्ठांनी बजावले होते. आणि साहेबांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. कटू गोष्ट मऊ करून सांगावी, असे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवले होते. म्हणून इंग्रजी अहवालात ‘क्रॅक्ड’च्या आधी मी हळूच ‘स्लाइटली’ घातले.

“बाई, हे काय?”

“किंचितच आहे ना, साहेब. तुमची बदली होईल.”

“तडा असतो किंवा नसतो. परत टाइप करा. चार प्रती.”

मी रडत, चडफडत टाइप केले. पाइल बाद झाला, काम लांबले आणि साहेबांची बदली झाली. आईंना घेऊन ते गेले. मागे माझ्या कायम नेमणुकीची शिफारस लिहून ठेवली होती. तिच्यातही ‘उत्तम’ नव्हते. ‘चुका करतात, सुधारतात’ एवढेच! त्यावरच मी कायम झाले.

निवृत्तीनंतर साहेब सोलापुरातच परतले. परवा फोनवर प्रकृती विचारली.

“गुडघा किंचित दुखतो.”

किंचित! इतक्या वर्षांनी, आणि त्यांच्या तोंडून!

“साहेब, दुखतो किंवा दुखत नाही!”

मग म्हणाले, “दुखतो, बाई. लई दुखतो.”

उद्या रिक्षा घेऊन मी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे. त्यांनी तयार राहावे. साहेबांना उदंड आयुष्य लाभो, आणि आरोग्यही लाभो. किंचित नव्हे, पूर्ण.